बोअरचं पाणी वर आलं आणि पाइप फुटायला लागले : मोर्शी तालुक्यातल्या एका वावराचं प्रकरण

शेतीला रात्री वीज मिळायचा, म्हणजे रात्रपाळीचा आठवडा होता. दोनच्या सुमारास कृषी फीडरवर लाइन आली, स्टार्टरवरच्या ऑटोनं मोटर चालू केली आणि थोड्याच वेळात न्हाणीघरातल्या जेट स्प्रेची नळी फुटली. घर झोपेत होतं. न्हाणीला लागूनच्या खोलीत दुसऱ्या वेचणीचा कापूस रचून ठेवलेला. पहाटे वहिनी उठल्या तेव्हा पाणी सपरीत आलं होतं आणि ढिगाच्या बुडातला पाच-सहा क्विंटल कापूस भिजून गेला होता. भिजलेला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, आणि खरेदीदार मूठभर हातात घेऊनच भाव पाडतो. वर्षभराच्या मेहनतीचा माल एका नळीपायी असा जावा, याचं मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की त्याआधीचे तीन आठवडे हे घर मला फोन करत होतं आणि मी फोनवरच सल्ला देत होतो.

मी मोर्शी-वरूड भागात ठिबकची आणि घरातल्या नळांची कामं करतो. हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे, कारण यात घरचे नळ, बगिचाचं ठिबक, बोअरची मोटर आणि संत्र्याचा ताण (बहार धरावा म्हणून झाडांचं पाणी काही काळ तोडणं) या चारही गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. आपल्याकडे या चार कामांना चार वेगळी माणसं येतात आणि जो तो आपल्यापुरतं पाहून जातो.

वावर आणि मागची हकीकत

घर गावाच्या टोकाला, वावर घराला लागूनच. चार एकर संत्रा आहे. तीन एकरांत फळावरची ३३० झाडं, एका एकरात चार वर्षांची ११० कलमं. बाकी वावरात कापूस आणि तूर. जुनी बांधीव विहीर आहे, आणि तिच्यापासून चाळीस फुटांवर ४०० फूट खोल बोअर. विहिरींनी उन्हाळ्यात दम सोडला तेव्हापासून या पट्ट्यात बोअर वाढले आणि बोअर वाढले तसं पाणी आणखी खाली गेलं. भूजलाच्या अति-उपशाची गोष्ट निघाली की वरूड-मोर्शीचं नाव येतं, ते त्यामुळेच.

गेल्या मे महिन्यात या बोअरचं पाणी १६५ फुटांवर गेलं होतं. मोटर वर काढली तेव्हा पाइपावरच्या ओल्या खुणेवरून मेकॅनिकनं ते मोजलं. जुना पंप थकला होता, शेवटच्या ओळींतल्या झाडांना थेंब पोचत नव्हता. मग पाच एचपीचाच, पण जास्त स्टेजचा, म्हणजे पाणी जास्त उंच चढवणारा नवा पंप उतरवला. मे महिन्याकडे पाहून घेतलेला तो निर्णय बरोबर होता. त्या पंपामुळेच उन्हाळ्यात बगिचा वाचला.

पुढे पाऊस चांगला झाला, विहीर अर्ध्यावर भरली, सगळे खूश. आणि नोव्हेंबर संपता संपता मेन लाइन फुटायला लागली. २३ दिवसांत पाच वेळा. काकाजी, म्हणजे घरमालक, मला फोनवर म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी नव्हतं तवा एक पाइप फुटला नाई. आता पाणी हाय तं रोजचा फुटून रायला. ह्ये उलटं काहून?"

या प्रकरणाचं सगळं उत्तर त्यांच्या त्या प्रश्नातच होतं. मी ते ऐकलं नाही. पाइप कोणता, असं विचारलं. अडीच इंची, चार किलोचा (म्हणजे चार किलो दाब सोसणारा), असं उत्तर आलं. मी म्हटलं, बोअरजवळचे सहा पाइप काढून तिथे सहा किलोचे टाका. त्यांनी टाकले. तिसऱ्या रात्री त्यांच्या पुढचा चार किलोचा पाइप फुटला आणि सँड फिल्टरच्या झाकणातून पाणी उडायला लागलं. कारण न शोधता एक कमजोर जागा मजबूत केली की जोर दुसऱ्या कमजोर जागेवर जातो, एवढंच माझ्या सल्ल्यानं झालं.

गावातही निदानं चाललीच होती. पाइप हलका निघाला, उंदरानं कुरतडला, काळ्या मातीनं ओढला. शेवटचं कारण एरवी खरंही असतं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते आणि त्या ओढाताणीत पाइप तुटतात. पण ते कसे तुटतात हे पाहावं लागतं.

फुटलेल्या तुकड्यांनी काय सांगितलं

कापूस भिजल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. काकाजींनी फुटलेले तुकडे कोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. पाचही तुकडे लांबीत, उभे चिरलेले. एकही आडवा तुटलेला नव्हता, एकाही सांध्यातून निसटलेला नव्हता.

मातीनं ओढलेला पाइप आडवा तुटतो किंवा सांध्यातून बाहेर येतो. उंदरानं कुरतडलेल्या पाइपाच्या कडेला दातांच्या खुणा राहतात. आतल्या दाबानं फुटलेला पाइप मात्र उभा चिरतो, कारण गोल नळीच्या भिंतीला घेराच्या दिशेनं जो ताण बसतो तो लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो. तेव्हा फुटलेला तुकडा फेकून देऊ नये. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तो दाखवावा, त्यातून अर्धं निदान होतं.

मग मी फिल्टरवरचं प्रेशर गेज पाहिलं. मोटर बंद होती, लाइन रिकामी होती, आणि काटा अडीचवर. काच आतून घामेजलेली, काटा केव्हाचा अडकलेला. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की दाब कायम अडीच किलो आहे आणि अडीच किलो म्हणजे चांगलंच. ठिबकवाल्या दहातल्या किती घरी गेज असं मेलेलं असेल हे मी सांगत बसत नाही. तुमच्याकडचं आजच पाहा : मोटर बंद केल्यावर काटा शून्यावर येतो का?

मी सोबत नेलेलं शून्य ते दहा किलोचं नवं गेज बसवलं आणि मोटर चालू केली. चारही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले तर काटा ३.४ वर. मग काकाजींना म्हटलं, तुम्ही रोज जसं पाणी देता तसं द्या. त्यांनी मोठ्या झाडांचे तिन्ही व्हॉल्व्ह बंद केले, कारण आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडायची वेळ जवळ आली होती आणि महिन्याभरापासून तिकडचं पाणी कमी करत आणलं होतं. फक्त कलमांचा व्हॉल्व्ह उघडला. ठिबकच्या नळ्या टेकऑफमधून, म्हणजे पाइपावरच्या जोडणीतून, उपसून निघायला लागल्या तसा त्यांनी तो सवयीनं पिळून पाव भागावर आणला. नळ्या शांत झाल्या. "असं केलं का नळ्या नाई निघत," ते म्हणाले. मी गेजकडे बोट दाखवलं. काटा ८.६ वर होता. चार किलोच्या पाइपात साडेआठ किलो.

दाब आला कुठून

आपल्याकडे दाब किलोत बोलतात. एक किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, आणि तेवढा दाब म्हणजे १० मीटर, साधारण ३३ फूट उंच पाण्याचं वजन. पंपाची ताकद कंपनी मीटरमध्ये लिहिते. या पंपाच्या कागदावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना १०५ मीटर लिहिलं होतं, आणि ७० मीटरला सेकंदाला सव्वातीन लिटर.

ही १०५ मीटरची ताकद आधी पाणी जमिनीपर्यंत आणण्यात खर्च होते आणि जे उरतं ते आपल्या पाइपात दाब म्हणून येतं. मे महिन्यात १६५ फूट, म्हणजे ५० मीटर, उचलण्यातच जात होते. मी बोअरमध्ये सुतळीला नट बांधून सोडला. मोटर बंद असताना तो ४० फुटांवर पाण्याला लागला. मोटर चालू असताना पातळी ५० फुटांच्या आसपास राहते, म्हणजे १५ मीटर. मे आणि डिसेंबर यांत ३५ मीटरचा फरक पडला. तो खर्च वाचला, पण वाचलेली ताकद कुठे गेली नाही. सगळीच्या सगळी साडेतीन किलो होऊन मेन लाइनीत उतरली. काकाजींच्या 'उलटं काहून'चं उत्तर हे आहे. पाणी जवळ आलं म्हणूनच पाइप फुटत होते.

दुसरी गोष्ट पंपाच्या स्वभावाची. सबमर्सिबल पंप जितकं कमी पाणी देतो तितका त्याचा दाब चढतो. चारही व्हॉल्व्ह उघडे असतात तेव्हा पाणी भरपूर जातं आणि दाब आटोक्यात राहतो. एकच उघडला, तोही पिळून, की पंप जवळजवळ बंद व्हॉल्व्हवर चालल्यासारखा होतो. मी काही सेकंदांसाठी सगळं बंद करून पाहिलं, काटा ९.२ वर गेला. १०५ मधून १२ मीटर वजा केले की ९३ राहतात. कागद आणि काटा जुळले, तेव्हा पंपात बिघाड नाही हेही कळलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ही सवय मी जवळजवळ प्रत्येक वावरात पाहतो. वावरातला व्हॉल्व्ह पिळला की त्याच्या पुढचं वाचतं, पण मागच्या पाइपावर जोर वाढतो. काकाजी नळ्या वाचवत होते आणि न कळत बोअरपासून त्या व्हॉल्व्हपर्यंतच्या साडेपाचशे फूट पाइपावर पंपाची पुरी ताकद सोडत होते. समोर नळ्या शांत दिसतात म्हणून माणसाला वाटतं दाब कमी झाला.

चार किलोचा पाइपही नेहमी चार किलोचा राहत नाही. पीव्हीसी पाइपावरचा दाबाचा आकडा २७ अंश तापमानासाठी असतो. पाइप तापला की त्याची सोसण्याची ताकद उतरते. विहिरीजवळचा तुकडा यांनी जमिनीवर उघडाच टाकला होता. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तो वर्षानुवर्षं भाजला आहे. पाच वेळांपैकी दोनदा तोच भाग फुटला.

आणि ती रात्रीची 'धाड'

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लाइन आली का भितीतून धाड असा आवाज येते. लेकरू उठून बसते." तो आवाज पाण्याच्या ठोक्याचा. पाणी वेगानं जात असताना एकदम अडलं की त्याचा सगळा वेग दाबात बदलतो. पीव्हीसी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी क्षणात थांबलं तर तीन ते चार किलोचा जादा ठोका बसू शकतो, आणि तो मूळच्या दाबावर चढतो.

इथे दर रात्री तेच होत होतं. वीज गेली की मेन लाइनीतलं पाणी सखल भागाकडे उतरून जायचं आणि उंचावरच्या भागात हवा भरायची. धुऱ्याजवळ पाइपलाइन सात-आठ फूट चढते, तिथे हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह नव्हता. वीज आली की ऑटो लगेच मोटर उचलायचा, पाणी हवेला रेटत सुसाट यायचं आणि पिळलेल्या व्हॉल्व्हवर किंवा घरच्या बंद नळावर आपटायचं. कृषी फीडरवर रात्रीतून तीन-चारदा लाइन ये-जा करते. म्हणजे तीन-चार ठोके, तेही सगळे झोपेत असताना.

घरचे नळ

घराची टाकी स्लॅबवर आहे, हजार लिटरची. पण दोन वर्षांपूर्वी शॉवरला जोर येत नाही म्हणून घराची लाइन टाकीला वळसा घालून थेट बोअरच्या मेन लाइनीला टी मारून जोडली होती. मोटर चालू असली की घरात बोअरचा दाब, बंद असली की टाकीचं पाणी. जुन्या पंपात ते खपून गेलं. नव्या पंपात न्हाणीच्या नळाला गेज लावलं तर ८.४ किलो.

मागचे तीन महिने घर याच्या खुणा देत होतं. नळांचे वायसर महिन्यात दोनदा बदलले होते. फ्लशच्या टाकीतला फ्लोट पाणी थांबवत नव्हता. स्वयंपाकघरातला नळ उघडला की भांडं हातातून निसटायचं. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून सतत थेंब गळत होते आणि कोणीतरी सुचवलं होतं की तिथे बूच मारा. सुदैवानं मारलं नाही. त्या गिझरच्या पाटीवर ६.५ बारची मर्यादा लिहिलेली होती. तो व्हॉल्व्ह गळत होता म्हणजे आपलं काम करत होता. त्याला बूच मारणं म्हणजे न्हाणीत गरम पाण्याचा बॉम्ब ठेवणं आहे. हे मी त्या घरात पुन्हा पुन्हा सांगितलं आणि इथेही सांगतो. अमेरिकेच्या प्लंबिंग नियमांत घरातला दाब ८० पीएसआयच्या वर असेल तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. ८० पीएसआय म्हणजे आपले साधारण साडेपाच किलो. आपल्या घरांना तेवढाही लागत नाही, दोन किलोत सगळं भागतं.

जेट स्प्रेची नळी ही त्या घरातली सगळ्यात पातळ वस्तू. ती फुटणारच होती, फक्त कधी ते ठरायचं होतं.

शॉवरचा जोर न येण्याचं खरं कारणही पाहिलं. टाकीतून उतरणारी लाइन अर्ध्या इंचाची, तिच्यात सहा एल्बो, आणि शॉवरच्या जाळीत क्षार बसलेले. तिथे दाबापेक्षा पाण्याच्या वाटेची अडचण जास्त होती. टाकीतून एक इंची लाइन खाली आणून न्हाणीजवळ बारीक केली असती तर थेट बोअरला जोडायची गरजच पडली नसती.

कलमांकडे पाहिलं तेव्हा

घरून वावरात गेलो. व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या तीन ओळींतली कलमं पिवळी पडायला लागली होती. बुडाशी माती चिखलासारखी, दोन झाडांच्या खोडावर डिंक आलेला. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबानं वाढतो; दाब चौपट झाला की पाणी दुप्पट. व्हॉल्व्ह पिळूनही नळ्यांत दीड-दोन किलो राहत होते, आणि ऑटोच्या भरवशावर पाणी लाइन असेपर्यंत, कधी आठ-आठ तास चालायचं. चार वर्षांच्या कलमाला डिसेंबरात रोज फार पाणी लागत नाही. त्याला दीडशे लिटरच्या आसपास मिळत होतं. काळ्या मातीत असं पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि फायटोप्थोराची बुरशी धरते. डिंक्या त्यातूनच येतो. पाइप फुटला की दिसतो, आवाज येतो, माणूस धावतो. झाडाचं नुकसान मात्र मुकाट होत राहतं. माझ्या मते या प्रकरणातला मोठा तोटा हाच होता, कापसापेक्षाही मोठा.

काय केलं, आणि काय केलं नाही

दादा, म्हणजे काकाजींचा मुलगा, म्हणाला, "पुरी लाइन दहा किलोची टाकून देऊ भाऊ. एकदाचं काम." मी नको म्हटलं. खर्च मोठा, आणि पाइप वाचले असते तरी फिल्टर, नळ्या, कलमं, घर यांतलं काहीच वाचलं नसतं. मेकॅनिकनं पंपातल्या दोन स्टेज काढायचं सुचवलं. त्यानं हिवाळा सोपा झाला असता, पण मे महिन्यात शेवटच्या ओळी पुन्हा कोरड्या पडल्या असत्या. मोटरचा वेग कमी करणारा ड्राइव्ह हा तांत्रिकदृष्ट्या चांगला उपाय आहे. वेग ८० टक्के केला की पंपाची ताकद ६४ टक्क्यांवर येते, म्हणजे १०५ मीटरचे ६७. पण त्याची किंमत, फीडरवरचा व्होल्टेजचा हेलकावा आणि गावात तो दुरुस्त करणारं कोणी नसणं, या तिन्हीचा विचार करून सोडून दिला.

उपाय विहिरीजवळ पडलेला होता. बोअर यायच्या आधीचा तीन एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) तिथे गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. त्याची सील बदलली, बेअरिंग पाहिलं, चालू केला. हा पंप व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतानाही तीन किलोच्या वर जात नाही. म्हणजे चार किलोच्या पाइपावर तो कशाही अवस्थेत चालला, कोणी व्हॉल्व्ह विसरला, मध्यरात्री ऑटोनं उचलला, तरी दाब पाइपाच्या आतच राहणार. पंप निवडताना मी आता हाच प्रश्न आधी विचारतो : सगळं बंद असताना हा किती देतो, आणि तो आकडा पाइपावर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी आहे का?

हिवाळ्यापुरती व्यवस्था अशी ठरली. बोअर रोज पाऊण तास चालवायचा. त्याच्या तोंडाशी जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) तुकड्यावर व्हॉल्व्ह आणि गेज, तिथून पाणी सरळ विहिरीत. हा व्हॉल्व्ह सताड उघडा ठेवायचा नाही. पंपाला अजिबात अडवलं नाही तर तो पाणी जास्त ओढतो आणि मोटर जादा ॲम्पिअर घेते. म्हणून स्टार्टरवरच्या मीटरकडे पाहत, मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या ॲम्पिअरच्या आत काटा राहील तिथे तो थांबवला आणि दांड्यावर रंगाची खूण केली. इथे पिळणं चालतं, कारण मागे बोअरचा मजबूत पाइप आहे आणि पुढे मोकळं तोंड. पाऊण तासात साधारण दहा-अकरा हजार लिटर पाणी येतं. कलमांची रोजची गरज त्यात भागते. विहिरीतून मोनोब्लॉकनं चार तास, सव्वा किलोवर, दिवसाच्या लाइनीत. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेच्या शेवटच्या तासांत, ऑटो बंद ठेवून, माणूस उभा असताना. आधी बोअर रात्र-रात्र चालत होता. आमच्या या पट्ट्यात बोअरचा उपसा आठ तासांवरून पाऊण तासावर येणं मला पाइप वाचण्याइतकंच मोलाचं वाटतं.

धुऱ्याच्या चढावर एक इंची एअर व्हॉल्व्ह बसवला. मेन लाइनीच्या सुरुवातीला साडेतीन किलोवर उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह टाकला, त्याचं तोंड विहिरीकडे. उन्हात भाजलेला पाइप काढून नवा टाकला, तो दोन फूट जमिनीखाली.

घराची थेट जोडणी तोडली आणि तिथे बूच मारलं. टाकी भरायची लाइन बोअरवरूनच ठेवली, कारण विहिरीचं उघडं पाणी स्वयंपाकघरात नको, पण तिच्यावर पितळी प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लावून दोन किलोवर बांधला. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर लावला, नाही तर बोअरचा कचरा अडकून तो व्हॉल्व्ह उघडाच राहतो. दुकानात जाताना एक ध्यानात ठेवा : रिलीफ व्हॉल्व्ह जादा पाणी बाहेर सोडतो, रिड्यूसिंग व्हॉल्व्ह पुढचा दाब बांधून ठेवतो. नावं सारखी वाटतात आणि काउंटरवरून चुकीचा हातात येतो. मग टाकीतून घरात एक इंची लाइन उतरवली आणि शॉवरची जाळी व्हिनेगरात भिजवून साफ केली.

सगळं मिळून सामान सव्वाअकरा हजारांचं झालं. भिजलेल्या कापसाचं नुकसान त्याच्या कितीतरी पुढे होतं.

पुढचे महिने

जानेवारीच्या शेवटी गेलो. एकही पाइप फुटला नव्हता. डिंक आलेल्या दोन झाडांचं खोड खरवडून बोर्डो पेस्ट लावली होती; एक सावरलं, एक गेलं. पहिल्या तीन ओळींत नवी पालवी दिसायला लागली होती. ताण तोडून मोठ्या झाडांना पाणी सुरू झालं तेव्हा चारही व्हॉल्व्ह एकदम उघडून बोअरवरूनच दिलं. ३.४ वरचा काटा आता बोअरच्या तोंडचा व्हॉल्व्ह थोडा पिळून अडीचवर आणला होता. तिथे पिळायचं, वावरात नाही, हे काकाजींनी दादालाही दोनदा दाखवलं.

वहिनींची शॉवरबद्दलची तक्रार पुरती गेलेली नाही. टाकीपासून शॉवरपर्यंत उंची बारा फूट, म्हणजे जेमतेम ०.४ किलोचा दाब, आणि बोअरची सवय झालेल्या माणसाला तो मंदच वाटणार. टाकीखाली आणखी चार फूट विटांचा ओटा बांधायचं ठरलं आहे. लेकरू मात्र रात्री उठत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

स्टार्टरच्या पेटीशेजारी भिंतीवर काकाजींनी कोळशानं रकाने आखले आहेत. तारीख, सुतळीनं मोजलेली पाण्याची पातळी, गेजचा काटा. दर पंधरा दिवसांनी एक ओळ. मी गेलो त्या दिवशी पाणी ६२ फुटांवर होतं. मार्चपासून ते झपाट्यानं उतरायला लागेल तसा बोअरच्या तोंडचा व्हॉल्व्ह थोडा थोडा मोकळा करायचा, मे महिन्यात पुरा. आणि पावसाळा संपल्यावर पातळी १०० फुटांच्या वर आली की मोनोब्लॉक पुन्हा जोडायचा. १०० चा तो आकडा त्यांनी रकान्यांच्या वर मोठ्ठा लिहून ठेवला आहे.